बालीची काष्ठमूर्ति आणि परदेशी पाहुणा

श्रोतेहो, दूरचा प्रवास करून आलेल्या मंडळींच्या दिवाणखान्यांत अलीकडे एक लांकडी मूर्ति वारंवार दृष्टीस पडते. शरीर कमालीचें लांबविलेलें, मान किंचित् झुकलेली, डोळे मिटलेले. अंगावर रंगाचा लवलेशहि नाहीं, केवळ लांकडाच्या नैसर्गिक रेषा आणि त्यांवर मंद झळाळी. विचारल्यास यजमान अभिमानानें सांगतात, "ही बालीची. तिकडची फार प्राचीन कला." मूर्ति बालीची आहे हें खरें, तिचें प्राचीनत्व मात्र खरें नव्हे. ह्या धर्तीच्या मूर्तींचें वय जेमतेम शंभर वर्षांचें आहे, आणि त्या देवळासाठीं किंवा राजवाड्यासाठीं नव्हे, तर बोटींतून उतरणाऱ्या पाहुण्यासाठीं जन्मास आल्या. मग त्यांना खोट्या म्हणावयाचें काय? प्रवासांत विकत घेतलेल्या वस्तूचें अस्सलपण नेमकें कशांत असतें? ह्या प्रश्नाचा विचार बाली बेटाच्या इतिहासाच्या आधारें आज करावयाचा आहे.

जावा बेटाच्या पूर्वेस, एका अरुंद सामुद्रधुनीपलीकडे, बाली हें लहानसें बेट आहे. सभोंवारच्या मुलुखांत इस्लामचा प्रसार झाल्यावरहि ह्या बेटानें आपला हिंदु धर्म स्वतःच्या पद्धतीनें टिकविला. रामायण-महाभारताच्या कथा तेथें घरोघर परिचित आहेत. इ. स. १९२७ मध्यें रवींद्रनाथ ठाकूर ह्या बेटावर गेले, त्याचें कारणहि भारताशीं असलेलें हेंच जुनें नातें होतें.

बालींतील कलाकौशल्य पूर्वापार देवळाच्या व राजवाड्याच्या आश्रयानें वाढलें. क्लुंगकुंगच्या राजांना चित्रें पुरविणारे चितारी जवळच्या कामासान गांवीं राहत. देव, दानव आणि वीर ह्यांच्या आकृति ते छायानाट्यांतील बाहुल्यांच्या धाटणीनें कापडावर रंगवीत आणि तीं कापडें उत्सवांत देवळांतून लावलीं जात. लांकडी मूर्तींनाहि भडक रंग व सोन्याचा वर्ख असे. ह्या कलेचें आणखी एक वैशिष्ट्य लक्षांत घेण्यासारखें आहे. राजघराण्यांतील पुरुषाच्या दहनासाठीं महिनोन् महिने खपून मजल्यांचा भव्य मनोरा उभारावयाचा आणि तो एका दिवसांत अग्नीच्या स्वाधीन करावयाचा. देवळांतील कोरीव काम मऊ दगडांत करावयाचें आणि पावसापाण्यानें तें झिजलें कीं पुढच्या पिढीनें नव्यानें कोरावयाचें, अशी तेथील रीत. जुनें जपून ठेवण्यापेक्षां तें पुनः पुन्हा घडविण्याकडे ह्या लोकांचा ओढा. अर्थात् प्रत्येक वेळीं कांहींतरी नवें शिरण्यास वाव राही.

परक्या वस्तूचें त्यांना कधींच वावडें नव्हतें. गुजराथेंतील पाटण येथील पटोला शेंकडों वर्षें व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ह्या बेटांकडे जात असे. त्यास तेथें पवित्र वस्त्राचा मान होता, आणि त्याची नक्षी स्थानिक कापडांवर उमटली. बालींतील तेंगानान गांवच्या बायका आजहि ताणा आणि बाणा दोन्ही आधीं बांधून रंगवितात व मग विणतात. पाटणच्या पटोल्याचें तंत्र तेंच. परंतु तेंगानानचा तांबूस-तपकिरी रंग, त्यांतील ताऱ्यांची व देवालयांची नक्षी आणि त्या वस्त्राशीं निगडित विधि हें सर्व त्यांचें स्वतःचें आहे. उत्तर बालींत कुबुतांबाहान येथें एक देऊळ आहे. त्याच्या भिंतीवर एक डच गृहस्थ सायकलवर बसलेला कोरला असून सायकलचें मागचें चाक म्हणजे चक्क उमललेलें कमळ आहे! न्यूवेनकांप नांवाचा डच चित्रकार १९०४ सालीं त्या भागांत सायकलवरून हिंडला होता. तोच हा, असें सांगतात. देवाच्या दारीं परका पाहुणा आला, तर त्यालाहि कमळाचें चाक लावून आपल्या नक्षींत सामावून घ्यावें, अशी ही वृत्ति.

परंतु ह्यानंतर जो पाहुणा आला, तो सायकलवरून आला नाहीं. १९०४ मध्येंच दक्षिण किनाऱ्यावरील सानूर येथें एका चिनी व्यापाऱ्याचें गलबत खडकावर आपटून फुटलें. त्याची लूट झाली अशी तक्रार गेली; डच सरकारनें बादुंगच्या राजाकडे भरपाई मागितली; राजानें ती नाकारली. हें निमित्त पुढें करून सप्टेंबर १९०६ मध्यें डच फौज सानूरच्या वाळूंत उतरली आणि देनपासारवर चालून गेली. तेथें जें घडलें त्याला बाली भाषेंत 'पुपुतान' म्हणतात. पुपुतान म्हणजे शेवटचा निकराचा अंत. राजा, त्याचें कुटुंब, दरबारी, स्त्रिया आणि मुलें पांढरीं वस्त्रें नेसून, हातीं कट्यारी घेऊन राजवाड्याबाहेर आलीं आणि बंदुकांच्या तोंडीं चालत गेलीं. शेंकडों माणसें पडलीं. १९०८ सालीं क्लुंगकुंग येथें त्याचीच पुनरावृत्ति झाली आणि सबंध बेट डचांच्या अमलाखालीं आलें.

ह्या रक्तपाताची वार्ता युरोपांत पोंचली तेव्हां डच राज्यकर्त्यांची मोठी नाचक्की झाली. पुढें त्यांनीं बालीचें रूप जगाला निराळें दाखविण्याचें धोरण स्वीकारलें. प्राचीन संस्कृतीचें जिवंत संग्रहालय म्हणून बेट जतन करावयाचें आणि तें प्रवाशांना दाखवावयाचें, असें तें धोरण. १९२४ पासून सरकारी टपाल वाहणाऱ्या बोट कंपनीच्या आगबोटी उत्तरेकडील बुलेलेंग बंदरास नियमितपणें लागूं लागल्या. १९२८ मध्यें त्याच कंपनीनें देनपासार येथें 'बाली हॉटेल' उघडलें. बावीस वर्षांपूर्वीं जेथें राजकुल धारातीर्थीं पडलें होतें, त्या जागेपासून तें हाकेच्या अंतरावर होतें. ह्या योगायोगाकडे डोळेझांक करून स्मरणवस्तूंचा इतिहास सांगतां येणार नाहीं. ज्या राजवाड्यांनीं चिताऱ्याला व मूर्तिकाराला पोसलें, त्यांचें वैभव ओसरलें होतें. जुना आश्रयदाता गेला आणि त्याच्या जागीं नवा आला. परंतु तो एकच दिवस थांबणारा, भाषा न जाणणारा आणि संध्याकाळची बोट गांठण्याच्या घाईंत असणारा!

ह्या नव्या आश्रयदात्याच्या गरजाहि वेगळ्या होत्या. त्याला हवी असलेली वस्तु ट्रंकेंत मावली पाहिजे. वाटेंत तिचा रंग उडतां कामा नये. आणि घरीं गेल्यावर पुराणकथा समजावून न सांगतांहि ती पाहणाऱ्यास आवडली पाहिजे. कारागिरांनीं हें चटकन् ओळखलें. दहा-पंधरा हात लांबीच्या कापडाऐवजीं हातभर कागदावर चित्रें निघूं लागलीं. मूर्तींवरील रंग व वर्ख गेला आणि लांकडाचें मूळ सौंदर्य उघडें पडलें. देवदानवांच्या जोडीला शेतकरी, नाचणाऱ्या मुली, बेडूक आणि बगळे आले. १९३० नंतर जागतिक मंदीनें शेतमालाचे भाव कोसळले. सारा मात्र रोख भरावा लागे. अशा वेळीं शेतांतून परतल्यावर कोरलेली एखादी मूर्ति चार नाणीं घरांत आणी. ह्या कलेच्या बहराला केवळ सौंदर्यदृष्टि नव्हे, तर पोटाची निकडहि कारण होती.

ह्याच सुमारास वाल्टर स्पीस हा जर्मन चित्रकार १९२७ सालीं उबुद गांवीं येऊन राहिला आणि १९२९ मध्यें रुडॉल्फ बोनेट हा डच चित्रकार तेथें आला. बालीच्या नव्या कलेचें सारें श्रेय ह्या दोघांना देऊन टाकण्याची प्रथा पाश्चात्त्य लेखकांनीं पाडली आणि प्रवाशांच्या हातीं पडणाऱ्या पुस्तकांतून ती अद्यापहि चालूं आहे. तिची शहानिशा करणें अवश्य आहे. स्पीसचें साहाय्य मोठें होतें, ह्यांत शंका नाहीं. त्यानें कागद दिला, ग्राहक मिळवून दिले, चांगल्या कामाची कदर केली. परंतु कागदावर चित्र काढणें बालींतील लोकांना त्यानें शिकविलें असें मात्र नव्हे. फान डर टूक नांवाचा डच भाषापंडित १८७० पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८९४ पर्यंत, बुलेलेंगच्या बाजूस राहून शब्दकोश रचीत होता. त्यानें तेथील चिताऱ्यांकडून कागदावर शेंकडों चित्रें काढून घेतलीं. तीं आज हॉलंडांतील लायडन येथें सुरक्षित आहेत. त्या वेळीं स्पीसचा जन्महि झालेला नव्हता.

लांबट मूर्तीच्या जन्माचीहि एक कथा सांगितली जाते. स्पीसनें एका कारागिराला लांकडाचा एक लांब ओंडका दिला आणि त्याचे दोन तुकडे करून दोन मूर्ति कोरण्यास सांगितलें. कांहीं दिवसांनीं कारागीर एकच उंच, सडपातळ मूर्ति घेऊन आला. इतकें सुंदर लांकूड मधोमध कापावयास मन धजलें नाहीं, असें तो म्हणाला. कथेचा तपशील कितपत अचूक असेल तो असो. परंतु जे लोक ही कथा स्पीसच्या गौरवार्थ सांगतात, ते तिचा अर्थच उलटा लावतात असें मला वाटतें. गिऱ्हाइकानें दोन मूर्ति मागितल्या होत्या. नवी शैली जन्मली ती त्याचें न ऐकल्यामुळें! लांकडाकडे पाहून निर्णय घेतला तो कारागिरानें. आणि स्पीसची थोरवी कोठें असेल, तर ती न मागितलेली वस्तु त्यानें आनंदानें स्वीकारली ह्यांत आहे.

१९३६ मध्यें स्पीस, बोनेट, उबुदच्या राजघराण्यांतील चोकोर्डा सुकावती आणि थोर कलावंत इ गुस्ती न्योमान लेंपाद ह्यांनीं मिळून एक संघ स्थापिला. त्याचें नांव 'पिता महा'. हें आपलें पितामह होय, हें श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल. शंभराहून अधिक चित्रकार व मूर्तिकार त्याचे सभासद झाले. सभासदांनीं आपलें काम आणावयाचें, मंडळानें तें पारखावयाचें आणि उत्तम तेवढें प्रदर्शनासाठीं व विक्रीसाठीं निवडावयाचें, असा परिपाठ होता. प्रवाशांच्या घाईमुळें हलका माल निघूं लागला होता, त्याला आळा घालावा हा हेतु. लेंपाद हा नुसता चित्रकार नव्हता. तो देवळें व राजवाडे बांधी, दहनाचे मनोरे रची, मुखवटे कोरी. त्याच हातानें कागदावर शाईच्या एका वळणदार रेषेंत तो पुराणांतले आणि लोककथांतले प्रसंग उभे करी. विधीचें काम आणि विक्रीचें काम ह्यांत त्याच्या हाताला उच्चनीच भेद नव्हता.

पिता महाच्या ह्या उद्योगांत एक अडचणहि होती, ती नाकारतां येत नाहीं. पारख करणाऱ्यांत दोन युरोपीय होते. तेव्हां "खरें बालीचें" कशाला म्हणावें, ह्याचा निवाडा कांहीं अंशीं परक्याच्या आवडीनें होई. ह्याच्या उलट बातुआन गांवचें उदाहरण पाहा. तेथील चिताऱ्यांनीं कागदाचा कानाकोपरा भरून टाकणारीं, काळोख्या रानांत भुतेंखेतें, जनावरें व माणसें यांची एकच दाटी झालेलीं चित्रें काढलीं. उबुदच्या सौम्य सौंदर्याहून तीं अगदीं निराळीं होतीं. मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन ह्या मानवशास्त्रज्ञ दांपत्यानें १९३६ ते १९३८ ह्या काळांत अशीं शेंकडों चित्रें विकत घेतलीं आणि त्यांच्या कर्त्यांच्या व काळाच्या नोंदी ठेविल्या. ग्राहकानें फक्त नांव विचारलें, तरी वस्तूचें मोल केवढें बदलतें, ह्याचा हा धडा आहे. कारण त्या नोंदींमुळेंच आज त्या चिताऱ्यांचा इतिहास लिहितां येतो.

सानूरच्या किनाऱ्यावरहि ह्या काळांत चहलपहल सुरू झाली होती. १९३२ मध्यें बेल्जियमचा चित्रकार ल मायेर बालीस आला आणि पुढें न्यी पोलोक ह्या नर्तकीशीं विवाह करून सानूरच्या वाळूवर घर बांधून राहिला. जवळच नॉयहाऊस ह्या जर्मन बंधूंनीं समुद्रांतील रंगीबेरंगी माशांचें मत्स्यालय आणि त्यालगत कलावस्तूंचें दुकान थाटलें होतें. मासे पाहण्यास आलेला प्रवासी जातांना मूर्ति घेऊन जाई. समुद्रकिनारा, करमणूक आणि स्मरणवस्तु ह्यांची जी सांगड आज जगभर दिसते, ती सानूर येथें अशी १९४० पूर्वींच पडली होती.

मग महायुद्ध आलें. जर्मनीनें हॉलंडवर आक्रमण करतांच १९४० मध्यें तेथील जर्मन नागरिकांना अटक झाली. कैद्यांना नेणारें जहाज जानेवारी १९४२ मध्यें जपानी बाँबनें बुडालें आणि त्यांत स्पीसचा अंत झाला. पाठोपाठ जपानी सैन्य बालींत उतरलें, तेंहि सानूरच्याच किनाऱ्यावर. पिता महा संघ संपुष्टांत आला. १९४५ मध्यें इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि चार वर्षांच्या झगड्यानंतर डचांना १९४९ मध्यें ती मान्य करावी लागली. स्वतंत्र राष्ट्राचे पहिले अध्यक्ष सुकार्नो ह्यांची आई बालीची होती आणि ते स्वतः चित्रांचे मोठे संग्राहक होते. १९५६ मध्यें उबुद येथें 'पुरी लुकिसान', म्हणजे चित्रांचा राजवाडा, हें संग्रहालय उघडलें. विक्रीसाठीं निघालेली कला तीस वर्षांच्या आंत संग्रहालयांत जाऊन बसली!

ह्यापुढील पालट अतिशय वेगाचा होता. १९६६ मध्यें सानूरच्या किनाऱ्यावर दहा मजल्यांचें हॉटेल उभें राहिलें. १९६९ मध्यें विमानतळ आंतरराष्ट्रीय वाहतुकीस खुला झाला. पूर्वीं वर्षाकाठीं हजारांनीं मोजले जाणारे प्रवासी कालांतरानें लाखांनीं येऊं लागले. देनपासारहून उबुदकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गांवें जणुं एक लांबच लांब बाजारपेठच बनलीं. बातुबुलान दगडी मूर्तींसाठीं, चेलुक सोन्याचांदीच्या दागिन्यांसाठीं, बातुआन चित्रांसाठीं, मास लांकडी कामासाठीं. आणि सुकावतीचा कलाबाजार सर्वच मालासाठीं. मागणी वाढली तसें कामाचे तुकडे पडले. एकानें ओबडधोबड आकार द्यावयाचा, दुसऱ्यानें पटाशीनें बारकावे काढावयाचे, तिसऱ्यानें घासून पॉलिश करावयाचें. परदेशचा व्यापारी नमुना देतो आणि तशाच शेंकडों वस्तु मागवितो. जिराफ बालीच्या रानांत कधीं झाला नाहीं. पण बालींत कोरलेले जिराफ जगभर विकले जातात. त्यांत हात बालीचा आहे. परंतु निर्णय बालीचा नाहीं.

तरीहि त्याच मास गांवांत इदा बागुस न्याना (१९१२–१९८५) आणि त्यांचे पुत्र इदा बागुस तिलेम (१९३६–१९९३) झाले. न्याना ह्यांनीं लांबट मूर्तीच्या ठराविक साच्यांत न अडकतां घाटदार, गोलाईच्या आकृति निर्मिल्या. तिलेम ह्यांनीं तर इतरांनीं टाकाऊ ठरविलेलीं वेडींवांकडीं मुळें आणि गांठाळ लांकडें घेतलीं आणि त्या पिळांतूनच माणसाचें दुःख, चिंतन व भक्ति साकार केली. त्यांच्या मूर्तीहि प्रवाशांनींच विकत घेतल्या. बाजार तोच, रस्ता तोच, गिऱ्हाईकहि तेंच. फरक एवढाच कीं लांकडाला काय व्हावयाचें आहे हें ठरविण्याचा अधिकार त्यांनीं गिऱ्हाइकाला दिला नाहीं.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, देवकार्यांतील वस्तु बाजारांत मांडणें हाच मुळांत अधर्म नव्हे काय? बालीच्या लोकांनीं ह्याचें उत्तर आपल्या व्यवहारानेंच देऊन ठेविलें आहे. देवळांतील बारोंगचा किंवा रांग्दाचा मुखवटा 'पुले' नांवाच्या झाडाच्या लांकडाचा करतात. आपण ज्याला सातवीण किंवा सप्तपर्णी म्हणतों, तेंच हें झाड. शुभ दिवस पाहून, झाडाची अनुज्ञा मागून लांकूड घेतात आणि मुखवटा पूर्ण झाल्यावर त्यावर संस्कार करून त्यांत शक्तीचें आवाहन करतात. तोच कारागीर, त्याच पटाशीनें, विक्रीसाठींहि मुखवटा कोरतो. परंतु त्याचा संस्कार होत नाहीं, म्हणून तो विकण्यांत दोष नाहीं. आपल्याकडे गणपतीची मूर्ति प्राणप्रतिष्ठेपूर्वीं मूर्तिकाराच्या दुकानांत असते, तेव्हां तिचा भाव करण्यांत आपणांस तरी कोठें पाप वाटतें? पाहुण्याला काय द्यावयाचें आणि काय स्वतःजवळ राखावयाचें, ही सीमारेषा त्यांनीं स्वतः आंखली, म्हणूनच देऊळहि राहिलें आणि दुकानहि चाललें.

श्रोतेहो, ह्या इतिहासाचें तात्पर्य मला असें दिसतें. स्मरणवस्तूचें अस्सलपण तिच्या वयांत नसतें. तसें पाहिल्यास पटोल्याच्या आधारें घडलेली नक्षीहि एके काळीं नवीच होती. तें केवळ लांकडांत किंवा मातींतहि नसतें. वस्तु कशी असावी ह्याचा शेवटचा निर्णय जिच्याबाबतींत घडविणाऱ्यानें घेतला, ती वस्तु त्या भूमीची; मग ती परक्यासाठीं केलेली कां असेना. आणि तो निर्णय कारागिराच्या हातीं राहावा कीं नाहीं, हें पुष्कळसें विकत घेणाऱ्यावर अवलंबून असतें. घाईनें भाव पाडून दहा सारख्या वस्तु उचलणारा ग्राहक त्याच्या हातांतून तो काढून घेतो. कर्त्याचें नांव विचारणारा, कामाच्या ओसरीवर घटकाभर बसणारा आणि वेळेचे पैसे देणारा ग्राहक तो त्याच्या हातीं ठेवतो.

आपल्यापैकीं अनेकांना ह्यापुढें सानूरची वाळू तुडविण्याचा योग येईल. तेथून मासचा रस्ता मोटारीनें तासाभराचा आहे. हॉटेलच्या दालनांतील मूर्ति घेण्यापूर्वीं तेवढी वाट अवश्य चालावी. अंगणांत मांडी घालून, पायाच्या बोटांत लांकूड धरून मोगरीचे हलके ठोके देत बसलेला एखादा माणूस तेथें भेटेल. त्याला आपण नमुना दाखवूं नये. "ह्या लांकडाचें तुम्ही काय करणार?" एवढेंच विचारावें, आणि तो सांगेल तें ऐकून घ्यावें.